सुईआधी, सुईनंतर

मोठीआईनं गाठ आठ महिने लपवली. वैशाखात आंघोळ करताना हाताला लागली होती. मग पेरणी आली, निंदण आलं, कापूस फुटला. "सीतादही होऊ दे, मंग दाखवू," असं तिनं सुनेला सांगितलं. सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा. सुनेनं ते आमच्या कानावर घातलं तेव्हा दुसरा वेचा आटोपत आला होता. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. अमरावती आणि अकोला दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे कुठं न्यायचं या वादात आणखी चार दिवस गेले. अमरावती ठरली ती मी तिथं राहतो म्हणून. त्यात दुसरं काही शास्त्र नव्हतं.

सर्जननं हातानं तपासलं आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. स्तनाची सोनोग्राफी, आणि तिच्याखाली सोनोग्राफीच्या मदतीनं ट्रूकट बायोप्सी. मोठीआई पहिल्याच शब्दाला अडली. "काहून रे बाबू, या वयात माही सोनोग्राफी?"

सून हसली, पण प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्याकडे खेड्यात सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई, एवढंच समीकरण आहे. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला १९८८ साली, देशाच्या आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यातूनच पुढं प्रत्येक यंत्राची नोंद, दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी आणि नोंदलेल्या जागेबाहेर यंत्र हलवण्यावर बंधन. कायदा हवाच होता. पण ती पाटी वाचून गळ्याला गाठ आलेला साठीचा बाप्या बिचकतो, आपण चुकीच्या दारात आलो की काय म्हणून मागं बघतो. यंत्र गावात येत नाही, गाठच शहरात न्यावी लागते.

खरं तर हे यंत्र ऐकण्याचं काम करतं. विहिरीत वाकून 'कू' केलं की परतणाऱ्या आवाजावरून तळाचा अंदाज येतो, तसंच. कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी आत जातात, वेगवेगळ्या पेशीजालांवरून आपटून परततात आणि त्यांचं चित्र पडद्यावर उमटतं. क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. गाठ घट्ट आहे की पाण्यानं भरलेली, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, हे कळतं. ती कसली आहे, हे मात्र चित्रावरून पक्कं कळत नाही. त्यासाठी तिचा तुकडा लागतो. जिवंत शरीरातून तुकडा घेऊन पाहण्याला 'बायोप्सी' हा शब्द १८७९ साली एर्नेस्ट बेन्ये या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं दिला. तुकडा घेताना ध्वनिलहरींनी सुईला वाट दाखवायची, हे मात्र बरंच अलीकडचं. १९७२ साली कोपनहेगन आणि फिलाडेल्फिया इथल्या डॉक्टरांनी मधोमध सुईसाठी भोक असलेले प्रोब वापरून ते करून दाखवलं. त्याआधी यकृताची काय, किडनीची काय, सुई बरीचशी अंदाजानं जायची.

*

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचा बाक ही वऱ्हाडातली एक स्वतंत्र ओपीडी आहे. तिथं फी नसते आणि सल्ला भरपूर असतो. आमच्या शेजारी मूर्तिजापूरकडचे एक काका होते, मानेला लिंबाएवढी गाठ. त्यांच्या मेव्हण्यानं मोठीआईला न विचारता सांगितलं, "सुई टोचली का गाठ चवताळते. आमच्या गावात दोघं असेच गेले."

हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत इतक्या तोंडून ऐकलंय की त्याच्यावर रागावणं सोडून दिलंय. ते आलं कुठून, हे समजून घेणं बरं. गावानं एक क्रम पाहिलेला असतो. माणूस धडधाकट होता, शहरात नेला, सुई टोचली, वर्षात गेला. सुईच्या आधीचे आठ महिने त्या क्रमात कोणी धरत नाही, कारण ते कोणी पाहिलेलेच नसतात. ते पदराखाली असतात. सुई लागली तेव्हा रोग आधीच पसरलेला होता हे सांगायला माणूस उरत नाही, आणि सुईच्या माथी खून बसतो.

मग ही भीती निव्वळ खोटी का? नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर सुईच्या वाटेवर कर्कपेशी सांडण्याचा प्रकार वैद्यकशास्त्राला माहीत आहे. यकृतात मूळ धरलेल्या कर्करोगात तो शंभरात दोन-तीन जणांमध्ये आढळल्याचं अभ्यास सांगतात. स्तन आणि थायरॉइडच्या बाबतीत तो इतका विरळ आहे की त्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे ठेच लागेल म्हणून घराबाहेर न पडणं. आणि जिथं धोका खरा आहे तिथं डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. वृषणातल्या संशयित गाठीला बाहेरून सुई घालत नाहीत, सरळ शस्त्रक्रिया करतात. अंडाशयापुरत्या मर्यादित गाठीलाही सहसा टोचत नाहीत. सिरॉसिस झालेल्या यकृतात गाठ दिसली आणि तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये तिचं रूप ठरावीक नमुन्याचं आलं, तर तुकड्याशिवायच निदान मानलं जातं. म्हणून "सुई टोचायची का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नये. तो बाकावरच्या मेव्हण्याला विचारू नये, एवढंच.

मोठीआईला मी हे सगळं सांगत बसलो नाही. तिला म्हटलं, गाठीला काय व्हायचं ते आठ महिन्यांत होऊन गेलंय, सुई फक्त तिचं नाव सांगणार आहे. तिला ते पटलं की माझा आवाज चढला म्हणून ती गप्प झाली, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

सुया दोन जातीच्या असतात, आणि कोणती लागणार हे आधी विचारून घ्यावं. पहिली बारीक, इंजेक्शनसारखी. तिनं पेशी ओढून काचेवर पसरतात. हीच एफएनएसी. मानेच्या आणि थायरॉइडच्या गाठीला बहुधा हिच्यापासून सुरुवात होते. दुसरी जाड, स्प्रिंगवर चालणारी, खरोखरचा तुकडा कापून आणणारी. ही ट्रूकट किंवा कोअर बायोप्सी. सुईची जाडी 'गेज'मध्ये मोजतात आणि तिथं नवखा माणूस फसतो, कारण आकडा मोठा तेवढी सुई बारीक. कापसाच्या मुलखात हे समजावणं अवघड नाही. सुताचंही तसंच असतं, नंबर जितका चढा तितकं सूत बारीक. एफएनएसीची सुई २३-२५ गेजची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. यकृत आणि किडनीसाठी १६ ते १८. स्तनाच्या गाठीला बहुतेक १४ गेज, दोन मिलिमीटर जाडीची.

स्तनाच्या गाठीत कोअर बायोप्सीच का? एफएनएसीत पेशी सुट्या येतात. कर्करोग आहे हे त्यातून कळू शकतं, पण तो आजूबाजूच्या भागात घुसलाय का, हे कळायला पेशींची मूळ मांडणी शाबूत लागते. शिवाय पुढचं औषध ठरवणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या तुकड्यावर नीट होतात. कर्करोगाचा दाट संशय असताना फक्त एफएनएसीवर भागवलं, तर बरेचदा दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागते आणि पंधरवडा जातो.

खोलीत सून मोठीआईबरोबर गेली, मी बाहेर. पण या लेखासाठी नंतर एका रेडिऑलॉजिस्टच्या शेजारी, रुग्णांच्या संमतीनं, काही तास उभा राहिलो. तेव्हा पाहिलं ते असं. रुग्ण झोपलेला, अंगावर थंडगार जेल. डॉक्टर आधी नुसतंच बघत राहतात, रक्तवाहिनी कुठं आहे, वाट कुठून काढायची. मग कातडी जंतुनाशकानं पुसतात आणि लिग्नोकेनची सुई देतात. चुरचुरतं ते इथं, अर्धा मिनिटभर. एक-दोन मिलिमीटरचा छेद, आणि त्यातून मोठी सुई. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी सरकते, गाठीच्या कडेला येऊन थांबते. डॉक्टर म्हणाले, "आता टक आवाज येईल, दचकू नका." आवाज आला. स्टेपलर मारल्यासारखा. बाई तरीही दचकल्या. दुखलं का विचारलं तर म्हणाल्या, "दुखलं नाही, पण आवाज वंगाळ आहे."

असे तीन-चार वार होतात. प्रत्येक वेळी पांढुरका धागा निघतो, शेवईच्या तुकड्याएवढा, आणि तो फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. तिथं एक गंमत पाहिली. डॉक्टर बाटली उजेडात धरून बघत होते. स्तनाच्या गाठीचा तुकडा तळाशी बुडाला तर बहुधा हाती गाठच लागलीय, तरंगला तर नुसती चरबी असू शकते. शास्त्रीय अहवालाच्या आधी मिळणारी ही पहिली खूण, पाण्यात बी टाकून पोचट निवडण्याइतकी साधी. मग दहा मिनिटं दाबून धरणं, पट्टी, आणि घरी. टाका नाही.

यकृताची सुई यापेक्षा गंभीर. तिथं श्वास सोडून काही सेकंद रोखून धरायला सांगतात आणि आधी त्याचा सराव करून घेतात, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं. नंतर काही तास झोपून राहावं लागतं, उजव्या खांद्यात कळ येऊ शकते. मृत्यूचा धोका दहा हजारांत एखादा, असं वैद्यकीय साहित्य सांगतं. प्रोस्टेटची तपासणी गुदद्वारातून किंवा तिथल्याच त्वचेतून होते आणि साधारण बारा तुकडे घेतात. तिथं काळजी असते ती जंतुसंसर्गाची. फुप्फुसात मात्र ध्वनिलहरी हवेपुढे हतबल. छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ सोनोग्राफीवर दिसते, आत खोल असेल तर सीटी स्कॅन लागतो.

*

किडनीवर मात्र थोडं थांबावं लागेल, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत आहे. विहिरीचं पाणी मचूळ, आणि किडनीच्या रोग्यांची गावं वर्तमानपत्रांना पाठ झालेली. पाणी हेच एकमेव कारण की उन्हातली मजुरी, वेदनाशामक गोळ्या, रक्तदाब असं सगळं मिळून, यावर वाद आहेत. पण या पट्ट्यातल्या घरांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. किडनीची बायोप्सी वेळेवर झाली तरच कामाची.

लघवीतून प्रथिनं जात असतील, तोंड-पाय सुजत असतील, लघवीत रक्त असेल आणि किडन्यांचा आकार अजून ठीक असेल, तेव्हा तुकड्यातून आजाराचं नाव कळतं आणि काही आजार औषधांनी आटोक्यात येतात. सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या, चिवट झालेल्या दिसल्या की डॉक्टर बहुधा सुई घालत नाहीत. रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हाती लागतो तो नुसता व्रण. "आमच्या पेशंटची बायोप्सी काहून केली नाही?" असं भांडताना मी नातेवाईक पाहिलेत. त्या भांडणाची वेळ दोन वर्षं आधी होती.

किडनीच्या सुईआधी रक्तदाब आटोक्यात लागतो. पालथं झोपवतात, दोन तुकडे घेतात, आणि नंतर कित्येक तास उताणं, बहुतेक ठिकाणी रात्रभर देखरेखीखाली. लघवी बाटल्यांत धरून रंग बघत राहतात. डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त साधारण साडेतीन टक्के रुग्णांत येतं आणि बहुधा आपोआप थांबतं. रक्त चढवावं लागतं ते शंभरात एखाद्याला. बहुतेक गुंतागुंत पहिल्या चोवीस तासांतच दिसते. म्हणून त्याच संध्याकाळी एसटीनं तेल्हाऱ्याला परतण्याचा हट्ट करू नये, आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊ नये. वेच्याच्या दिवसांत हे सांगणं सोपं, पाळणं कठीण.

*

सुईपेक्षा सुईआधी काय लपवलं, त्याचं भय जास्त. मूर्तिजापूरच्या काकांना नर्सनं विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? "काही नाही, बीपीची एक." मेव्हण्यानं पिशवी उघडली तर त्यात रक्त पातळ करणारी गोळी निघाली, हृदयात स्टेंट टाकलेला. काका ती गोळी धरतच नव्हते, कारण ती 'लहान पांढरी' होती. अशी गोळी सांगितली नाही तर रक्तस्राव, आणि स्वतःच्या मनानं बंद केली तर स्टेंट बंद पडून हृदयविकाराचा झटका. दोन्हीकडून मरण. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, थांबवायची की नाही, हे बायोप्सीवाले आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. बारीक सुईच्या तपासणीसाठी कित्येकदा थांबवावीही लागत नाही. आपलं काम एकच, पिशवी उलटी करून सगळ्या गोळ्या टेबलावर ओतणं. रक्त गोठण्याच्या तपासण्या, प्लेटलेट, कावीळ, गरोदरपणाची शक्यता, भुलेच्या औषधाची पूर्वी आलेली रिॲक्शन हेही सांगावं. आणि संमतीपत्रावर अंगठा करण्याआधी ते वाचून दाखवायला सांगावं. तो उपकार नाही.

काकांच्याच निमित्तानं दुसरी गोष्ट कळली, आणि ती मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. मानेची गाठ आपल्या देशात कर्करोगाची असू शकते, तशीच क्षयाचीही असते. आणि फॉर्मेलिन जंतूंना मारतं. सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये बुडवले, तर क्षयाच्या जंतूंचं कल्चर त्यातून वाढवता येत नाही आणि औषध लागू पडेल की नाही ही तपासणी अडते. म्हणून क्षयाची शंका असेल तर एक तुकडा सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत, कल्चर आणि सीबीनॅट चाचणीसाठी जायला हवा. घाईच्या दिवशी हे विसरलं जातं. नातेवाइकानं नुसतं विचारलं, "टीबीसाठी वेगळी बाटली केली का?" तर समोरचा माणूस थांबतो. काकांच्या वेळी ते डॉक्टरांनी स्वतःच केलं होतं. त्यांची गाठ क्षयाचीच निघाली. मेव्हणा तेव्हा बाकावर नव्हता.

*

आता माझं जुनं दुखणं. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या मामाच्या पाठीवरची गाठ एका दवाखान्यात काढली. कुठल्या, ते लिहीत नाही. "चरबीची आहे, काढून टाकू," म्हणाले, अर्ध्या तासात काढली, आणि टाकली. तपासणीला पाठवली नाही. आम्हीही विचारलं नाही, उलट स्वस्तात काम झालं म्हणून खूश. दीड वर्षात ती त्याच जागी परत आली, मोठी आणि घट्ट. पहिली गाठ काय होती, हे सांगणारा कागद नाही, काच नाही, काही नाही. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर मागचा अहवाल मागत राहिले आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शरीरातून काढलेली गाठ कचऱ्याच्या बादलीत जाता कामा नये. ती बाटलीत जाते, बाटलीवर नाव असतं, आणि ते नाव आपण स्वतः वाचायचं असतं. वॉर्डात दोन सुमनबाई असतात.

तुकडा प्रयोगशाळेत गेला की वाट बघणं सुरू होतं, आणि नातेवाइकांचा तोल इथंच जातो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माणा, सलग ७५ किलोमीटर एकेरी पट्ट्याचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. आम्हा वऱ्हाडकरांना त्याचा अभिमान आहे. पण त्यानंतर एका नातेवाइकानं पॅथॉलॉजीच्या खिडकीवर विचारलं होतं, "पाच दिवसांत रोड होते, अन् तुमचा एवढासा रिपोर्ट होत नाही?"

होत नाही, त्याला कारण आहे. तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये काही तास मुरावा लागतो. स्तनाच्या तुकड्याला ६ ते ७२ तासांची मर्यादा सांगितली आहे, कमी झालं किंवा जास्त झालं तर पुढच्या तपासण्या बिघडतात. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचं, त्या मेणाच्या वडीतून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, रंगवायचे, आणि मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. शंका आली तर खास रंगांच्या तपासण्या, त्याला आणखी दिवस. हे काम करणाऱ्या डॉक्टराचा चेहरा रुग्णाला कधी दिसत नाही. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर मराठीच होते. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. त्यांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

मेणाची ती वडी म्हणजे ब्लॉक. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा शब्द ठेवा. अहवालाचा कागद हरवला तर दुसरा छापता येतो. ब्लॉक हरवला तर पुन्हा सुई. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीचं पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून, आता अमरावतीत शासकीय महाविद्यालयही आलंय. तरी उपचारासाठी निम्मं वऱ्हाड नागपूरला किंवा मुंबईला जातं, आणि तिथले डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणतात, ब्लॉक आणि स्लाइड आणा, आमचे पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतील. ही इथल्या डॉक्टरांवरची शंका नव्हे, तीच पद्धत आहे. पण रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसनं पोचलेला माणूस फक्त झेरॉक्स घेऊन उभा असतो. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावानं दादरला धर्मशाळा आहे, टाटाच्या रुग्णांना तिचा मोठा आधार. पण ब्लॉक आणायला परत अकोला गाठण्यात जे तीन दिवस जातात, ते तिथली स्वस्त खोलीही भरून देऊ शकत नाही. म्हणून निघण्याआधी लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. नंबर अहवालावरच्या नंबराशी जुळवून बघावेत. मागण्यात गैर काही नाही.

पैशाच्या दृष्टीनंही हा तुकडा म्हणजे फाटकाची किल्ली आहे. आजची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. अकोल्याला ती पोचली २१ नोव्हेंबर २०१३ ला, उरलेल्या राज्याबरोबर. योजनेतून केमोथेरपी मंजूर व्हायला कर्करोग सिद्ध करणारा बायोप्सीचा अहवाल जोडावा लागतो. म्हणजे उपचार योजनेत, पण योजनेच्या दारापर्यंत नेणारी सुई कित्येकदा खिशातून. ही रचना मला पटत नाही. गरीब माणूस अडतो तो लाखांच्या केमोपाशी नाही, त्याआधीच्या काही हजारांपाशी. ती बदलेपर्यंत शासकीय महाविद्यालयाची ओपीडी आणि तिथला योजनेचा आरोग्यमित्र, हाच त्यातल्या त्यात मार्ग.

*

अहवाल हाती आला की लोक एकच शब्द शोधतात. तो नसला की पेढे वाटतात. इथंही सांभाळून. 'नमुना अपुरा' म्हणजे रोग नाही असं नव्हे, सुई पुन्हा लागेल एवढंच. थायरॉइडच्या अहवालात बेथेस्डा एक ते सहा असे वर्ग असतात. पहिला म्हणजे काहीच ठरलं नाही, दुसरा साधी गाठ, सहावा कर्करोग, आणि मधले तीन-चार हे खरे डोकेदुखीचे. स्तनाच्या चित्रांना बायरॅड्सचे आकडे देतात. तीनमध्ये कर्करोगाची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पाचमध्ये पंच्याण्णव किंवा वर. आता समजा चित्र म्हणतं पाच आणि तुकडा म्हणतो काही नाही, तर जिंकलं कोण? कोणीच नाही. बहुधा सुई नेमकी चुकलेली असते, आणि ती पुन्हा घ्यावी लागते. चांगले रेडिऑलॉजिस्ट स्वतः घेतलेल्या तुकड्याचा अहवाल मागवून चित्राशी ताडून बघतात. आपण त्यांना तो नेऊन दाखवावा, फोटो पाठवला तरी चालतो.

ताप आला, सुईची जागा लाल होऊन फुगली, रक्त थांबेना, चक्कर आली, पोटात वाढती कळ आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. बाकी काळंनिळं पडणं आठवडाभर राहतं, ते आपोआप जातं.

मोठीआईच्या गोष्टीकडे परत येताना मोझरीच्या मौन श्रद्धांजलीचं सांगायला हवं. आश्विन वद्य पंचमीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात लाखोंचा जमाव स्तब्ध उभा राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्या वेळी गेले, कर्करोगानं, साठीही न गाठता. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. मोठीआई दरवर्षी मोझरीला जाते. नागपूरच्या त्या रुग्णालयाचं नाव ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा कुरकुर न करता पिशवी भरली.

तिचा अहवाल आठव्या दिवशी आला होता. कर्करोगच, दुसऱ्या टप्प्यातला. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग किरणं. पुढच्या सीतादहीला ती शेतात होती, धुऱ्यावर बसून, वेचा सुनेनं केला.

ब्लॉक आम्ही परत घेतला. प्रयोगशाळेतल्या माणसानं बजावलं होतं, मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, मे महिन्यात उन्हातल्या गाडीत किंवा टिनाखाली ठेवू नका. पंचेचाळीस अंशांच्या मुलखात हे सांगावंच लागतं. तो आता सातबाऱ्याच्या पिशवीत, मातीच्या घरातल्या सर्वात गार कोनाड्यात आहे, आणि पिशवीवर मोठीआईनं नातवाकडून लिहून घेतलंय, 'गाठीचा ब्लॉक. फेकू नये.'